माप अंगाचं घ्या, सिलिंडरचं नाही: भाड्याचे सिलिंडर साइडमाउंटसाठी कसे बांधायचे

गोव्यात स्कूबा डायव्हिंगसाठी ग्रँड आयलंडकडे निघालेल्या होडीत हवेचे सिलिंडर रांगेने उभे असतात. वर व्हॉल्व्ह फिरवायचा नॉब, खाली कधी रबरी बूट, अंगावर कधी प्लास्टिकची जाळी. पाठीवर एक सिलिंडर घेऊन उतरणाऱ्याला त्यातला कुठलाही चालतो. पट्टा आवळला, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण, लावला, की तो तयार. साइडमाउंट करणाऱ्याला, म्हणजे सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही बाजूंना बांधणाऱ्याला मात्र त्यातले दोन निवडून, होडी नांगर टाकेपर्यंत ते आपल्या अंगाला बसतील असे करावे लागतात. वास्कोहून निघालेल्या होडीत मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. हार्नेस (अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज) स्वतःचा आणि सिलिंडर भाड्याचे अशी पाहुणेमंडळी हल्ली पुण्याकडून, कोल्हापूरकडून येतात, आणि प्रत्येकाचं अडतं ते याच ठिकाणी. म्हणून हे सविस्तर लिहितो. साइडमाउंटचं रीतसर प्रशिक्षण झालेल्यांसाठीच हे आहे. ते झालेलं नसेल तर आधी ते करा.

साइडमाउंट म्हणजे पाठ मोकळी ठेवून दोन सिलिंडर दोन बगलांखाली, अंगाला समांतर बांधणं. प्रत्येक सिलिंडरला आपला रेग्युलेटर, आपला हवेचा दाब दाखवणारा गेज. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पद्धत गुहांमधून आली. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात पाण्याने भरलेल्या अरुंद बोळांमधून सरपटत पुढे जाणाऱ्या शोधकांना पाठीवरचा सिलिंडर छताला अडायचा, म्हणून तो त्यांनी कमरेच्या बाजूला घेतला. पुढे फ्लोरिडातल्या गुहा-डायव्हर्सनी ही रचना पोहण्याच्या दृष्टीने सुधारली. सिलिंडर नुसता लटकण्याऐवजी त्याचं डोकं रबरी दोरीने, म्हणजे बंजीने, बगलेत धरलं जाऊ लागलं.

गोव्यात याची गरज काय, असं मला नेहमी विचारतात. ग्रँड आयलंडच्या आसपासच्या बहुतेक डायव्ह १५ मीटरच्या आत होतात. तिथे एक सिलिंडर पुरतो, हे खरंच आहे. पण कंबर दुखणाऱ्या माणसाला हलत्या होडीत १४ किलोचा सिलिंडर पाठीवर घेऊन उठावं लागत नाही, पाण्यात उतरल्यावर तो बाजूला अडकवता येतो. एवढं कारण मला पुरेसं वाटतं. शिवाय आपल्याकडचं पाणी गढूळ. हाताच्या अंतरापलीकडे दिसेनासं झालं की दोन स्वतंत्र हवा आणि दोन्ही व्हॉल्व्ह हाताशी असण्याचा धीर मोठा असतो.

आता बांधणी. साइडमाउंटचा सिलिंडर दोन जागी धरलेला असतो. वरती मानेपाशी बंजी त्याला बगलेत दाबून ठेवते. खाली सिलिंडरच्या पट्ट्याला अडकवलेला बोल्ट स्नॅप, म्हणजे दट्ट्या ओढून उघडायचा हूक, कमरेच्या डी-रिंगमध्ये, म्हणजे हार्नेसवरच्या इंग्रजी डी-आकाराच्या कडीत जातो. बगल आणि कमरेची डी-रिंग यांमधलं अंतर तुमच्या शरीराचं आहे, ते रोज बदलत नाही. सिलिंडर मात्र रोज बदलतो. स्टीलचा १२ लिटरचा सिलिंडर आखूड-जाड मिळतो तसाच लांब-सडपातळही मिळतो, आणि ॲल्युमिनियमचा नेहमीचा ११.१ लिटरचा सिलिंडर व्हॉल्व्ह सोडून ६६ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. त्यामुळे 'पट्टा बुडापासून चार बोटं वर' असला हिशेब भाड्याच्या सिलिंडरवर चुकतो. माप बुडापासून वर घेऊ नका, व्हॉल्व्हपासून खाली घ्या.

मी यासाठी मीटरभर बारीक दोरी वापरतो. एका टोकाला फास, तो व्हॉल्व्हच्या मानेत टाकायचा. दोरी सिलिंडरच्या अंगावरून सरळ खाली सोडायची. तिला दोन गाठी आहेत. पहिली गाठ येते तिथे ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा स्नॅप, दुसरी येते तिथे स्टीलचा. या गाठी विचार करून मारलेल्या नाहीत. एकदा सिलिंडर पाण्यात अगदी मनासारखे बसले, तेव्हा वर आल्यावर पट्टे न सोडता व्हॉल्व्हपासून स्नॅपपर्यंत दोरी धरली आणि तिथे गाठ मारली. तुमची गाठ तुमच्या अंगाची असेल, माझी तुम्हाला उपयोगी नाही.

पहिल्यांदा गाठ नसेल तेव्हा काय? हार्नेस अंगात घालून होडीच्या फळीवर बसा, सिलिंडर बाजूला उभा धरून व्हॉल्व्ह बगलेशी आणा, आणि कमरेची डी-रिंग कुठे येते तिथे खडूने खूण करा. ही सुरुवात. पुढचं पाणी सांगतं. पट्टा फार खाली गेला असेल तर व्हॉल्व्ह बगलेच्या पुढे, खांद्याकडे सरकतो आणि बंजी सैल पडते. पट्टा फार वर असेल तर व्हॉल्व्ह मागे, बरगड्यांकडे ओढला जातो आणि नॉबपर्यंत हात नेताना कोपर मागे वळवावं लागतं. दोन्ही चुका बोटभर सरकवण्याने सुटतात, म्हणून एका वेळी बोटभरच हलवा.

उंचीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पट्टा सिलिंडरभोवती कुठल्या बाजूला फिरवला आहे. स्नॅप जिथे आहे ती बाजू अंगाकडे ओढली जाते. स्नॅप दोन बोटं इकडे-तिकडे फिरवला की सगळा सिलिंडर स्वतःभोवती फिरतो आणि वर व्हॉल्व्हचं तोंड वेगळ्या दिशेला जातं. बकल अंगाच्या बाजूला येता कामा नये, तो बाहेरच्या अंगाला ठेवा. मांडीला घासणारा बकल पहिल्या दहा मिनिटांत जाणवत नाही, चाळिसाव्या मिनिटाला जाणवतो.

पट्टा कुठला? स्वतःच्या सिलिंडरवर बरेच जण स्टेनलेस स्टीलची जुबिली क्लिप आवळून तिच्याखालून दोरी काढतात. रचना उत्तम, पण क्लिप चढवायला-काढायला स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि भाड्याचा सिलिंडर संध्याकाळी परत द्यायचा असतो. त्यासाठी बीसीडीला, म्हणजे डायव्हरच्या हवा भरायच्या जाकिटाला असतो तसला, लिव्हर दाबून आवळायचा कॅम पट्टा बरा. त्यात स्नॅप नायलॉनच्या दोरीने बांधा, धातूच्या कडीने नाही. पाण्यात स्नॅप अडकला, त्याचा दट्ट्या मिठाने जाम झाला, तर दोरी सुरीने कापता येते. कडी कापता येत नाही.

आणि पट्टा बांधण्याआधी भिजवा. हे मी अनुभवातून सांगतो. काही वर्षांपूर्वी नवा पट्टा कोरडाच बांधला होता. होडीवरचा खलाशी मालवणकडचा. त्याने सिलिंडर उचलताना हात लावून पाहिला आणि म्हणाला, "दादा, पट्टो ढिलो आसा." मी ओढून पाहिलं, मला घट्ट वाटला. पाण्यात नायलॉन भिजलं, ताणलं गेलं, आणि आठ-नऊ मीटरवर डावा सिलिंडर पट्ट्यातून हळूहळू पुढे सरकू लागला. व्हॉल्व्ह हनुवटीपाशी आला, बंजी सुटली. सिलिंडरच्या मानेला बांधलेली एक दोरी माझ्या खांद्याच्या डी-रिंगमध्ये अडकवलेली होती, तिच्यामुळे सिलिंडर हातचा गेला नाही, पण तो सावरण्यात मी गुडघ्यांनी तळाची वाळू उडवली आणि शेजाऱ्याला मी दिसेनासा झालो. डायव्ह तिथेच संपवली. त्या दिवसापासून पट्टे आधी पाच मिनिटं बादलीत असतात. मग आवळायचे, मग पट्टा धरून सिलिंडर उचलायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टा खाली ढकलून पाहायचा. तसूभर जरी हलला तरी पुन्हा. आणि खलाशाने शंका काढली की थांबायचं. दिवसाला तो आपल्याहून जास्त सिलिंडर हाताळतो.

एक हिशेब इथेच सांगतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा व्यास १८४ मिलिमीटर, तर स्टीलच्या सडपातळ सिलिंडरचा १७१. फरक १३ मिलिमीटरचाच, पण घेरात तो चार सेंटिमीटरचा होतो. कालच्या ॲल्युमिनियमला घट्ट बसलेला पट्टा आजच्या स्टीलवर तसाच चढवला तर लिव्हर सहज मिटेल आणि पट्टा मात्र सैल राहील. पट्टा बकलमधून ओवण्यापासून पुन्हा सुरुवात करा. त्याआधी जाळी आणि बूट काढा. जाळीवर पट्टा घसरतो. बूट पाण्यात नुसता अडथळा. पण स्टीलचं बूड गोल असतं, बूट काढल्यावर तो उभा राहत नाही, होडीत आडवा ठेवून लगेच बांधा.

आता वरचं टोक. इथे भाड्याच्या सिलिंडरचा खरा पेच आहे. साइडमाउंटसाठी म्हणून विकत घेतलेल्या जोडीत एक व्हॉल्व्ह उजवा असतो, एक डावा, आरशातल्या प्रतिमेसारखे. भाड्याचे सगळे व्हॉल्व्ह एकाच हाताचे असतात, कारण ते पाठीवर बांधण्यासाठी केलेले असतात. व्हॉल्व्हचं तोंड डायव्हरकडे, नॉब त्याच्या उजव्या हाताला. दोन्ही चपला उजव्या पायाच्या निघाल्या तर जसं होईल तसं हे होतं. उजव्या बाजूच्या सिलिंडरला अडचण नाही. नॉब बाहेर, तोंड छातीच्या बाजूला म्हणजे पोहताना तळाकडे. तोच व्हॉल्व्ह डावीकडे घेतला आणि तोंड छातीच्या बाजूला ठेवलं, तर नॉब बरगड्यांत घुसतो. नॉब बाहेर काढला तर तोंड पाठीकडे जातं आणि फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा व्हॉल्व्हवर बसणारा भाग, बगलेच्या वर येऊन बसतो.

मी डावा सिलिंडर असा फिरवतो की नॉब तळाकडे येईल आणि तोंड बाहेर. फर्स्ट स्टेज बाहेर दिसतो, खडकाला लागण्याची भीती असते, म्हणून खडकांच्या फटीजवळून जाताना ती बाजू जपावी लागते. पण डावा हात खाली सोडला की नॉब थेट तळव्यात येतो, आणि हवा बंद करायची वेळ आली तर तो एकच मुद्दा महत्त्वाचा. दुसरे काही जण नॉब पाठीकडे ठेवून वरून हात नेतात. तुम्हाला काय जमतं ते जमिनीवर डोळे मिटून करून पाहा. दोन्ही नॉब, दोन्ही हातांनी, बंद आणि चालू. होडीत जमलं नाही तर पाण्यात जमणार नाही. फर्स्ट स्टेजला फिरता माथा असेल तर होजच्या, म्हणजे हवेच्या नळ्यांच्या दिशा जुळवणं बरंच सोपं जातं.

बंजी नॉबवर अडकवण्याची सवय असेल तर डाव्या बाजूला ती सोडा. दिशा चुकलेल्या नॉबवर बंजी घासत राहिली तर नॉब फिरू शकतो. तिथे बंजी व्हॉल्व्हच्या मानेभोवती घ्या. आठेक मिलिमीटर जाडीची बंजी पुरते. ती पाठीमागून बगलेखालून पुढे येताना ताठ असली पाहिजे, पण मानेवर चढवताना दोन्ही हात लागतील इतकी ताठ नको. आणि प्रत्येक सिलिंडरच्या मानेत एक दोरीचा फास टाकून त्याला छोटा स्नॅप बांधा, तो खांद्याच्या डी-रिंगमध्ये राहील. वर सांगितलेल्या प्रसंगात मला त्याच दोरीने वाचवलं.

व्हॉल्व्हचं तोंड कुठल्या प्रकारचं आहे ते आदल्या दिवशीच विचारा. बाहेरून कैचीसारखा रेग्युलेटर आवळायचा ते योक, आणि व्हॉल्व्हच्या आतल्या आट्यांत रेग्युलेटर फिरवून बसवायचा ते डिन. काही व्हॉल्व्हमध्ये एक आटेदार पितळी तुकडा बसवलेला असतो. तो ॲलन कीने काढला की डिन, बसवला की योक. तुमचे रेग्युलेटर डिनचे आणि व्हॉल्व्ह नुसते योकचे असतील तर ॲडॅप्टर लागतो. मग फर्स्ट स्टेज आणखी बाहेर येतो आणि बंजीची जागाही बदलते. माझ्या मते त्यापेक्षा त्या दिवसापुरते योकचे रेग्युलेटर घेणं बरं. डिन असो वा योक, ओ-रिंगवर, म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यावर बोट फिरवून पाहा. चिरलेली किंवा चपटी झालेली ओ-रिंग बोटाला लगेच कळते. त्याच वेळी सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली अक्षरं वाचा. चाचणीचा महिना-वर्ष आणि किती दाबासाठी तो आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. आपल्याकडे दाबाखालच्या वायूंचे सिलिंडर २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात, त्यांची देखरेख नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था करते. चाचणीची तारीख विचारण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

ॲल्युमिनियम आणि स्टील यांचा स्वभाव पाण्यात वेगळा, आणि हा भाग नीट समजून घ्यावा. ११.१ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं माप) हवा भरली की ती मोकळ्या हवेच्या मापात २२२० लिटर होते. एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे पावणेतीन किलोच्या जवळपास नुसती हवा. ती श्वासाबरोबर निघून जाते आणि सिलिंडर तेवढा हलका होतो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असताना जेमतेम बुडतो, संपत आला की तरंगायला लागतो. तरंगतो तो आधी बुडाकडून, कारण वरती व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरचं वजन असतं. त्यामुळे डायव्हच्या शेवटी दोन्ही सिलिंडरांची बुडं पाठीच्या वर उचललेली दिसतात. उपाय सोपा आहे. सुरुवातीला स्नॅप कमरेच्या मागच्या डी-रिंगमध्ये होता, तो अर्धी हवा संपल्यावर पुढच्या डी-रिंगमध्ये घ्यायचा. पुढे घेतला की बूड खाली ओढलं जातं. स्टीलचा सिलिंडर शेवटपर्यंत जड राहतो, त्याचा स्नॅप मागेच ठेवायचा. माझ्या दोरीला दोन गाठी आहेत त्या याच कारणाने.

खाली जाण्यासाठी वजन म्हणून अंगावर किती शिसं घ्यायचं ते ठरवतानाही हेच लक्षात ठेवा. दोन ॲल्युमिनियमचे सिलिंडर म्हणजे डायव्हभरात चार किलोंहून जास्त फरक. सुरुवातीला जड वाटतं म्हणून शिसं काढून टाकलं, तर पाच मीटरवरच्या शेवटच्या थांब्यात अंग वर ओढलं जाईल. आणि एक जोडी एकाच प्रकारची घ्या. एक ॲल्युमिनियम, एक स्टील अशी जोडी कोणी दिली तर नको म्हणा, अंग सतत एका बाजूला कलत राहील.

कलण्याचा प्रश्न हवेच्या वापरातही येतो. दोन्ही सिलिंडर स्वतंत्र, त्यामुळे आलटूनपालटून श्वास घ्यावा लागतो. मी ३० बारचा नियम पाळतो: एका सिलिंडरमधले ३० बार वापरले की दुसऱ्यावर जायचं. १२ मीटरवर दाब २.२ बार. मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा माणूस तिथे ४४ लिटर वापरतो. ३० बार म्हणजे ३३३ लिटर, म्हणजे साडेसात मिनिटं. दर सात-आठ मिनिटांनी रेग्युलेटर बदलला की दोन्ही बाजूंमधला फरक ४०० ग्रॅमपर्यंतच राहतो. गढूळ पाण्यात कुठला गेज कुठल्या बाजूचा हे विसरायला होतं, म्हणून दोन्ही गेजना वेगळ्या रंगाची टेप लावा. टेप गेजला, सिलिंडरला नाही.

पाण्यात उतरताना घाई करू नका. होडीच्या कडेला एक दोरी खाली सोडलेली असावी. सिलिंडर देण्याआधी त्यांचे व्हॉल्व्ह उघडा, रेग्युलेटरमध्ये दाब असू द्या, म्हणजे पाणी आत जाणार नाही. मग तुम्ही आधी पाण्यात. खलाशी मानेचा स्नॅप दोरीला अडकवून एकेक सिलिंडर खाली सोडतो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर पाण्यात शांत असतो, स्टीलचा जोरात खाली ओढतो, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा. आधी खांद्याचा स्नॅप, मग कमरेचा, मग बंजी. दोन्हींतून दोन-दोन श्वास घ्या, गेज पाहा. लाटा जास्त असतील तर होडीपासून दूर होऊन, दोरी धरून हे करा. हलत्या होडीची कड डोक्याला फार जोरात लागते. वर येताना हाच क्रम उलटा. सिलिंडर आधी दोरीला, मग अंगावरून सोडायचे.

होडीत परत आल्यावर पट्टे लगेच सोडू नका. शेवटच्या दहा मिनिटांत सिलिंडर कसे बसले होते ते आठवा, व्हॉल्व्हपासून स्नॅपपर्यंत दोरी धरा, गाठ सरकवायची असेल तर तेव्हाच सरकवा. मग वहीत लिहा: ॲल्युमिनियम की स्टील, किती शिसं, स्नॅप कधी पुढे घेतला. त्यानंतर पट्टे काढा, बूट आणि जाळी होती तशी परत चढवा, डिनचा तुकडा काढला असेल तर बसवा. सिलिंडरमध्ये थोडी हवा शिल्लक राहू द्या, रिकाम्या सिलिंडरमध्ये ओल शिरते. पट्टे, स्नॅप आणि बंजी गोड्या पाण्याच्या बादलीत टाका. उद्या सकाळी पट्टे तसेही ओलेच लागणार आहेत.